एका कानाने ऐकलेले जॅझ

आमच्या गावच्या बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवणारे गृहस्थ मला सर म्हणतात आणि मी त्यांना मास्तर म्हणतो. दारव्हा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे मला सर म्हणणारी माणसे पंचक्रोशीत पुष्कळ आहेत. मास्तर मात्र एकच आहेत, कारण सात जणांच्या बँडला सूर देणे, वरात कुठे थांबवायची आणि कोणत्या चालीवर पुढे काढायची हे ठरवणे त्यांच्याकडे असते. लग्नसराई संपली की ते चार एकरांचे शेतकरी असतात. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ते ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “सर, तुमच्याकडे थो इंग्रजी बाजा हाये म्हनतात, जॅझ. मले आयकाचा हाये. पहिले कोनता आयकू, थे सांगा.”

माझ्याकडे जॅझच्या नव्वदेक सीडी आहेत. त्या मी मुंबई-नागपूरच्या फेऱ्यांत, पगारातून थोडे थोडे बाजूला काढून घेतल्या. इतक्या वर्षांत गावातल्या कोणीही त्यांच्याबद्दल विचारले नव्हते आणि घरातली माणसे तो आवाज सुरू झाला की स्वयंपाकघराचे दार लोटून घेत. त्यामुळे मास्तरांच्या प्रश्नाने मला इतका आनंद झाला की जे करायला नको तेच मी केले. त्याच रात्री बारा अल्बमांची यादी काढली, ती काळाच्या क्रमाने लावली, सगळे संगणकावरून एका मेमरी कार्डात भरले आणि दुसऱ्या दिवशी ते कार्ड त्यांच्या हातावर ठेवले. पहिले प्रकरण झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, ही शिक्षकाची जुनी खोड आहे.

पहिले प्रकरण होते लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या संचांनी १९२५ ते १९२८ या काळात केलेल्या ध्वनिमुद्रणांचे. सगळ्यांनी मिळून एकदम वाजवण्याच्या त्या संगीतात एका वादकाला पुढे आणून त्याला मनातले बोलू देण्याची रीत या ध्वनिमुद्रणांनी पक्की केली, आणि ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या सुरुवातीला आर्मस्ट्राँग यांनी कोणाच्याही साथीशिवाय घेतलेली ट्रम्पेटची धाव मला आजही श्वास रोखून ऐकावी लागते. मास्तरांपर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. तिसऱ्या दिवशी ते कार्ड परत घेऊन आले. “सर, हे तव्यावर पोहे भाजल्यावानी वाजते. मागं कोनीतरी वाजवून राहिलं, पन दाराच्या आडून.” जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्यांच्या खरखरीतून सूर वेगळा काढायला कान सरावावा लागतो, आणि तो सराव मला कित्येक वर्षांत झाला होता, हे मी साफ विसरलो होतो.

तरीही ती बैठक वाया गेली नाही. कार्ड परत घेताना मी सहज सांगितले की हे संगीत अमेरिकेतल्या ज्या न्यू ऑर्लिन्स शहरात वाढले तिथे बँड प्रेतयात्रेबरोबर चालतो. स्मशानाकडे जाताना संथ, जड पावलांची प्रार्थनागीते वाजतात आणि माती देऊन झाली, कुटुंबापासून बँड जरा दूर आला की तोच बँड उडत्या चालीवर परत फिरतो आणि लोक नाचायला लागतात. मास्तर ताठ बसले. पिकल्या वयाच्या माणसाला भजन आणि वाजंत्रीसह पोहोचवण्याची पद्धत आमच्याकडेही आहे आणि त्यांनी स्वतः अशा किती तरी अंत्ययात्रांत वाजवले आहे. “परत येतानी कोनती चाल वाजवतात?” एवढेच त्यांनी विचारले. ‘डिड्न्ट ही रॅम्बल’ हे तिथले ठरलेले गाणे असून गेलेला माणूस जन्मभर किती भटकला, अशा थट्टेचे ते आहे, असे मी सांगितल्यावर ते बराच वेळ हसत राहिले. अल्बमाने जे केले नाही ते या एका गोष्टीने केले. आपण काय ऐकायला द्यावे हे ठरवण्याआधी हा माणूस काय वाजवतो हे विचारायला हवे होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले, आणि मी त्यांची चालींची वही मागून घेतली.

वहीत सी. रामचंद्र निघाले. पुणतांब्याचे हे संगीतकार काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले होते, आणि मुंबईतल्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना त्यांनी चित्रपटसंगीतात मनमोकळे वाजवू दिले. त्यांपैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वादकांसह ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. म्हणजे मास्तर जे वीस वर्षे वरातींत वाजवत होते त्यातल्या काही चालींच्या घरी जॅझचे येणे-जाणे होते. हे समजल्यावर त्यांची भीड मोडली आणि माझीही काळजी कमी झाली.

म्हणून मी दुसऱ्या खेपेला एकच अल्बम दिला, आणि तो जगातले सगळे लोक देतात तोच: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’. तो १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाला. त्यातल्या पहिल्या ‘सो व्हॉट’ या तुकड्यात भराभर बदलणारे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे जुडगे, नाहीत. चार-चार मात्रांचे सोळा गट एकाच स्वरावलीत, आठ गट तीच स्वरावली अर्धा स्वर वर चढवून आणि पुन्हा आठ गट मूळ जागी, असे बत्तीस गटांचे आवर्तन फिरत राहते. रागाचा कान असलेल्या माणसाला हे सगळ्यांत जवळचे वाटेल असा माझा हिशेब होता.

दोन रात्रींनी मास्तरांचा फोन आला. “सर, यात कोनीतरी सारखं ‘हो जी, हो जी’ म्हनते. पन इचारते कोन?”

मला प्रथम काहीच उमगले नाही. नंतर उमगले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. ‘सो व्हॉट’ची मूळ चाल ट्रम्पेट वाजवत नाही, सॅक्सोफोन वाजवत नाही, ती पॉल चेंबर्स यांचा डबल बास वाजवतो. बास एक वाक्य टाकतो आणि पियानो दोन ठोक्यांत त्याला जबाब देतो, मग तोच जबाब फुंकीची तिन्ही वाद्ये देतात. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काही बाहेर येत नाही. मास्तर हरभऱ्याच्या वावरात जागलीला बसून, मोबाइल धुऱ्यावर ठेवून ऐकत होते. त्यांना फक्त जबाब ऐकू येत होते, प्रश्न सगळेच्या सगळे स्पीकरने गिळले होते. ज्याने आयुष्यभर ध्वनीचे प्रकरण शिकवले त्याच्या हे आधी लक्षात यायला हवे होते.

मी त्यांना इअरफोन आणून दिले, पण त्यातही एक अडचण होती. शेतीच्या लाइनला ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात मोटार सुरू करून दर तीन-चार तासांनी स्प्रिंकलरचे पाइप बदलवावे लागतात, आणि मधल्या वेळात रानडुकरांवर लक्ष ठेवावे लागते. दोन्ही कान बंद केले तर डुकरे धुरा ओलांडून आत आलेली कळत नाहीत. तेव्हा मास्तरांनी आपल्यापुरता तोडगा काढला: उजव्या कानात जॅझ आणि डावा कान वावराला मोकळा. या तोडग्याने पुढे काय घोटाळा केला ते नंतर सांगतो.

यानंतर मात्र गाडी रुळावर आली. मी नियम केला की आठवड्याला एकच अल्बम द्यायचा आणि त्याबरोबर ऐकण्याची एकच खूण सांगायची. ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या ‘मोअनिन’साठी (३० ऑक्टोबर १९५८ चे मुद्रण) खूण होती, “पुढे कोण म्हणते आणि मागे कोण.” बॉबी टिमन्स यांची ती चाल चर्चमधल्या गाण्याच्या अंगाची आहे, पियानो एकट्याने ओळ म्हणतो आणि सगळे वादक दोन जड सुरांत तिला दुजोरा देतात. गुरुकुंज मोझरीच्या परंपरेतली खंजिरी भजने गावोगाव ऐकलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखे काही उरतच नाही. मास्तरांनी तो अल्बम तीनदा ऐकला आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे वय विचारले. ली मॉर्गन तेव्हा वीस वर्षांचे होते, हे ऐकल्यावर त्यांनी आपल्या बँडमधल्या वीस वर्षांच्या ट्रम्पेटवाल्याबद्दल जे उद्गार काढले ते इथे लिहीत नाही.

डेव्ह ब्रुबेक यांचा ‘टाइम आउट’ (१९५९) मी भजनी मंडळाच्या तबलजींना घेऊन आमच्या ओसरीवरच लावला. ‘टेक फाइव्ह’ ही पॉल डेस्मंड यांची पाच मात्रांची रचना. तीन अधिक दोन असा तिचा झोका आहे. तबलजींनी दोन आवर्तनांत मांडीवर हात धरला आणि म्हणाले की झपतालाचे अर्धे उलटे करून ठेवले आहे. जो मोरेलो यांचे ड्रमवरचे एकल वादन सुरू असताना ब्रुबेक यांचा पियानो तीच एक आकृती न थकता फिरवत राहतो, तेव्हा “हा तर लेहरा धरून बसला,” असे दोघे एकदम बोलले. मास्तर मात्र उठून अंगणात चालून पाहू लागले. बँडवाल्याचा ताल पायात असतो. चार फेऱ्यांनंतर ते थांबले: “याच्यावर पाय कसा टाकाचा जी? दर खेपेस समेवर दुसराच पाय येते. वरातीतले बुढे पडतीन ना!” पाच ही विषम संख्या असल्याने एका आवर्तनाची सम डाव्या पायावर आणि पुढच्याची उजव्या पायावर येणार, हे खरेच आहे, पण मला ते वीस वर्षे ऐकूनही सुचले नव्हते, कारण मी ते नेहमी खुर्चीत बसून ऐकत आलो. त्याच अल्बममधला ‘ब्लू रोंडो’ दोन-दोन-दोन-तीन अशा नऊ मात्रांचा आहे आणि १९५८ च्या दौऱ्यात तुर्कस्तानातल्या रस्त्यावरच्या वादकांकडून ब्रुबेक यांनी ती लय उचलली. तोच दौरा पुढे भारतातही आला होता, हे मी सांगितले. त्यावर मास्तर म्हणाले की रस्त्यावर वाजवणाऱ्याकडून घेतले आणि तसे सांगितले, हे चांगले केले.

जॅझमध्ये लिहिलेले किती आणि आयत्या वेळचे किती, हा प्रश्न नवख्या माणसाला समजावून सांगायला सर्वांत अवघड जाईल असे मला वाटत होते. मास्तरांना तो पडलाच नाही. नवरदेव घोड्यावरून उतरत नाही, मित्रमंडळ हलायला तयार नाही आणि चाल तर संपत आली, अशा वेळी ते काय करतात हे त्यांनीच मला सांगितले: मुखडा धरून ठेवायचा, ढोलाला खूण करायची आणि मधल्या जागा स्वतःच्या सुरांनी भरत राहायचे, लोक पुढे सरकेपर्यंत. यावर मी ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडच्या, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या ७ जुलै १९५६ च्या मैफलीची तबकडी काढली. तिथे पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाने बारा गटांच्या ब्लूजची सलग सत्तावीस आवर्तने घेतली आणि पांगायला लागलेले लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले. मास्तरांनी हरभऱ्याचे घाटे एकेक बाजूला ठेवत आवर्तने मोजली. हा अल्बम कोणाला सुचवायचा असेल तर १९९९ ची आवृत्तीच सुचवावी. गोन्साल्विस चुकून दुसऱ्याच, नभोवाणीच्या माइकसमोर वाजवत होते, म्हणून जुन्या तबकडीत ते लांबून आल्यासारखे वाटतात. नव्या आवृत्तीत त्या दुसऱ्या माइकचे मुद्रण सापडल्याने ते जवळ आले आहेत.

आता घोटाळ्याचे सांगतो. यादीतून मी मुद्दाम वगळलेला सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांचा ‘फ्री जॅझ’ (१९६० चे मुद्रण) चुकून कार्डात राहून गेला होता. सदतीस मिनिटांचा तो सलग धुमाकूळ नवख्याला देऊ नये, असे माझे आजही मत आहे. पण मास्तर आले ते खुशीत. त्यातला जाड्या आवाजाचा क्लॅरनेट कोणाचा, असे विचारू लागले. गडबड कुठे, त्यांना तर सगळे स्वच्छ ऐकू आले होते! मी उठून सीडीची पाठ पाहिली आणि उलगडा झाला. त्या अल्बमात दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात. कोलमन यांची चौकडी डाव्या बाजूला आणि एरिक डॉल्फी यांचे बास क्लॅरनेट ज्यात आहे ती उजव्या बाजूला मुद्रित केलेली आहे. उजव्या कानाने ऐकणाऱ्या मास्तरांनी अर्धाच ‘फ्री जॅझ’ ऐकला होता. अर्धा त्यांनी रानडुकरांना सोडला होता. त्या काळच्या स्टिरिओ मुद्रणांत वाद्ये अशी डावी-उजवी वाटून टाकलेली असतात, त्यामुळे एका कानाच्या श्रोत्यासाठी मी त्या दिवसापासून संगणकावर दोन्ही बाजू एकत्र करूनच फाइली भरू लागलो.

या घोटाळ्यातूनच त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी त्यांच्या जागी असतो तर पहिल्या दिवशी विचारला असता. “सर, इतके दिवस झाले, आमचं वाद्य कुठं गेलं? सगळीकडं सॅक्सोफोनच.” क्लॅरनेट वाजवणाऱ्या माणसाला मी सहा आठवडे ट्रम्पेट, पियानो आणि सॅक्सोफोन ऐकवत होतो. प्रसिद्ध अल्बमांच्या कोणत्याही यादीत असेच होते, कारण लाँगप्ले तबकड्यांचा काळ आला तेव्हा क्लॅरनेटचा बहर ओसरला होता. चाळिशीच्या दशकात बीबॉप आले, धावत्या, वाकड्यातिकड्या स्वररचना आल्या आणि सॅक्सोफोन पुढे गेला. त्याचे एक कारण मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नळीवर मुलांना दाखवत असे: क्लॅरनेट ही सरळ पोकळीची, एका बाजूने बंद असल्यासारखी वागणारी नळी आहे, म्हणून तिच्यात विषम संनादी, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे सूर, बळावतात आणि अंगठ्याची कळ दाबली की सा वरून वरचा सा न येता त्या सप्तकातला प येतो. सॅक्सोफोन निमुळता असल्याने तिथे सा वरून सरळ सा मिळतो आणि खालची-वरची बोटे सारखी राहतात. मास्तरांनी मला मध्येच थांबवले. त्यांनी हवेत बोटे धरून ती अडचणीची जागा दाखवली, जिथे जवळजवळ सगळी छिद्रे उघडी असताना एका सुरासाठी एकदम सगळी झाकावी लागतात. “इथं शिकनारं पोरगं रडते,” ते म्हणाले. माझ्या सूत्रात हे रडणे कधीच आले नव्हते.

मग मी बेनी गुडमन यांची १६ जानेवारी १९३८ ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल दिली, जी तबकडीवर यायला १९५० साल उजाडले. ‘सिंग, सिंग, सिंग’मध्ये जीन क्रुपा यांचा ड्रम आणि गुडमन यांचे क्लॅरनेट दोघेच उरतात, ती जागा मास्तरांनी किती वेळा ऐकली याची गणती नाही. आणि सिडनी बेशे यांचे १९४४ चे ‘ब्लू होरायझन’ दिले, जो अल्बम नाही, चार-साडेचार मिनिटांचा संथ ब्लूज आहे. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या आठवड्याचे कार्ड न्यायलाही आले नाहीत.

सगळेच काही जमले नाही. पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या २५ जून १९६१ च्या मुद्रणावर माझा जीव आहे. त्यात ग्लासांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते, आणि बास वाजवणारे स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेले. मास्तरांना ते संगीत झोपेचे वाटले. लोक मध्येच बोलत होते याचा त्यांना राग आला आणि वादकाने त्यांना दटावले नाही याचा त्याहून जास्त.

जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ (डिसेंबर १९६४ चे मुद्रण) देताना तर मी आधीच सांगून टाकले की हा ईश्वराला वाहिलेला अल्बम आहे, चार सुरांची एक आकृती नामजपासारखी फिरत राहते, भजनी माणसाला हे आवडणारच. ते त्यांना आवडले नाही. तिसऱ्या भागातल्या गर्दीला त्यांनी चक्क “कटकट” म्हटले. मी हिरमुसलो. पण उठता उठता म्हणाले, “शेवटचा तुकडा मात्र याईचा नाही वाटत. थ्यात थो वाजवून नाही राहिला, काहीतरी वाचून राहिला.” कोल्ट्रेन यांनी लिहिलेली प्रार्थना अल्बमाच्या वेष्टणावर छापलेली आहे आणि शेवटच्या भागात सॅक्सोफोन तीच शब्दामागून शब्द उच्चारत जातो, हे मी त्यांना सांगितलेले नव्हते. वेष्टण काढून मी त्या इंग्रजी ओळींवर बोट फिरवत ती जागा लावली. मास्तरांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ओळ कुठे संपते ते त्यांना प्रत्येक वेळी माझ्याआधी कळत होते.

माघात लग्नांच्या तारखा लागल्या आणि कार्डांची ने-आण थांबली. शेवटच्या खेपेला ते भाच्याला घेऊन आले. आठवीतला हा मुलगा बँडमध्ये खुळखुळा वाजवतो आणि त्यालाही हे सगळे ऐकायचे आहे. मी कागद पुढे ओढला तेव्हा मास्तरांनी तो आपल्याकडे घेतला आणि यादी त्यांनीच केली: पहिले ‘मोअनिन’, मग गुडमन, मग न्यूपोर्ट, मग ‘टेक फाइव्ह’ आणि त्यापुढे “चालू नये”. ‘सो व्हॉट’समोर “इअरफोन”. आर्मस्ट्राँग सगळ्यांत खाली, “कान पिकल्यावर”. ‘अ लव्ह सुप्रीम’ लिहून खोडले, मग पुन्हा लिहिले आणि बाजूला “शेवटचाच तुकडा” अशी टीप दिली. यादीत ‘ब्लू होरायझन’ नव्हते. राहून गेले का, असे मी विचारले.

“थे कायले लिहाचं?” मास्तर म्हणाले. “थे मी वाजवून दाखवीन ना त्याले.”